जखम शिपायाला, औषध तलवारीला

“गार वाटलं! देवाशपथ, गार वाटलं!”

खाटेवरचा वेंडेल शिपाई ओरडला आणि वाल्डेनाऊच्या राजवाड्याच्या अंगणात एकच गलका झाला. बायकांनी छातीवर क्रूस काढले. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बॅरन फॉन रोस्ताउ परातीतल्या रक्ताळलेल्या तलवारीवर हिरवट पूड भुरभुरत उभा होता. नवा ड्यूक गादीवर बसला, त्या सोहळ्यातल्या तलवारबाजीच्या खेळात वेंडेलची मांडी याच तलवारीने चिरली, अशी सगळ्यांची खात्री होती.

“तलवारीवरचं रक्त आणि अंगातलं रक्त, दोघे सख्खे भाऊ!” बॅरनने बोटं नाचवली. “इथल्याला कुरवाळा, तिथला खुदकन हसतो! जखम रोज पाण्याने धुवा, स्वच्छ फडकं बांधा, बस्स. मलम लावलंत तर भाऊ रुसलाच म्हणून समजा!”

गर्दीत उभ्या डॉक्टर रीनेकेने दात आवळले. निसर्गशोधक मंडळाचा तो सभासद. ती तलवार सांभाळायचं काम मंडळाने त्याच्यावरच सोपवलं होतं.

“तोंड वाकडं करू नका,” मंडळाचे अध्यक्ष टिलमान त्याच्या कानाशी लागले. “बॅरन म्हणजे ड्यूकमहाराजांच्या गळ्यातला ताईत. पुडीला आपण मान्यता दिली की राजाश्रयाची सनद आपली. टांकसाळीची जुनी इमारतही आपली. खाणावळीच्या माडीवर आणखी किती वर्षं सभा भरवायच्या?”

“आणि कास्परचं काय?”

कास्पर त्याच खेळात जखमी झालेला दुसरा शिपाई. त्याला कापणारी तलवार कुणीतरी पुसून टाकली होती, म्हणून बॅरनने हात झटकले होते. मग त्याच्या दंडावर टिलमानसाहेबांचं प्रसिद्ध मलम थापलं गेलं. त्यात डुकराची चरबी, गांडुळं आणि आणखी काय काय. दंड सुजून काळानिळा पडला होता, कास्पर तापाने बरळत होता.

“मलम काढा, जखम धुऊ द्या मला,” रीनेके म्हणाला.

“वेड लागलंय का? ते मलम मंडळाच्या नावाने विकलं जातं!”

म्हणजे पूड खोटी ठरली तर सनद जाणार, आणि मलम वाईट ठरलं तर अब्रू. मधल्या मध्ये कास्परचा जीव जाणार. रीनेकेच्या डोक्यात तिडीक गेली. पण अध्यक्षांच्या परवानगीशिवाय त्याला मलमाला हात लावता येत नव्हता.

शेवटी पुडीच्या निकालाचा दिवस उजाडला. ड्यूकसमोर वेंडेलचं फडकं सोडलं. जखम स्वच्छ भरून आली होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. टिलमान मान्यतेचा कागद घेऊन पुढे सरसावले.

“थांबा,” रीनेके म्हणाला. त्याने कापडात गुंडाळलेली तलवार ड्यूकपुढे ठेवली. पात्यावर सुकलेलं रक्त होतं. “महाराज, वेंडेलला लागली ती तलवार ही. पहिल्या दिवसापासून माझ्या कपाटात आहे. मुठीवर तुमच्या शस्त्रागाराने त्याच दिवशी केलेली खूण आहे, बघून घ्या.”

“मग परातीतली?” ड्यूकने विचारलं.

“तिला मी कोंबडीचं रक्त फासलं होतं. बॅरनसाहेबांनी इतके दिवस एका कोंबडीवर उपचार केले.”

कुणीतरी फिसकन हसलं. बॅरन लाल झाला. “पण माणूस बरा झाला ना! ती कोंबडीही पुडीच्या कृपेने—”

“ती मी खाल्ली.”

आता अख्खं अंगण हसलं. वेंडेल मात्र गोंधळला होता. “डॉक्टरसाहेब, मी खोटं नाही बोललो हो. मला खरंच गार वाटायचं.”

“‘टाकली बघ पूड, गार वाटलं ना?’ असं हा बॅरन दरवेळी ओरडायचा. हजार डोळे तुझ्यावर. मलाही वाटलं असतं रे.” मग रीनेके ड्यूककडे वळला. “पुडीने काहीच केलं नाही, महाराज. जखम रोज धुतली आणि तिच्यात कुणी घाण भरली नाही, म्हणून ती भरली. कास्परच्या जखमेत आम्ही घाण भरली. आम्ही, विद्वानांनी.”

हसू विरलं. ड्यूक पांढराफटक पडला होता. भर दरबारात तोही मूर्ख ठरला होता. तो उठला आणि आत निघून गेला. गाजावाजा नको म्हणून बॅरनला रातोरात गाडी मिळाली, वर शेजारच्या दरबारासाठी शिफारसही. मंडळाला सनद मिळाली नाही.

“मंडळ बुडवलंत तुम्ही!” टिलमान पायऱ्यांवर त्याला गाठून म्हणाले.

“मंडळ कशासाठी काढलं होतं आपण?” रीनेकेने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो कास्परकडे धावला. त्याने मलम खरवडून काढलं. दंड वाचवायला उशीर झाला होता, हात कापावा लागला. कास्पर जगला.

कास्परची आई रडत म्हणाली, “तुमच्या हाताला यश आहे, डॉक्टर. हा चमत्कारच!”

“नका हो म्हणू तसं,” रीनेके कळवळून म्हणाला. “एखाद्या उपायानंतर माणूस बरा झाला, की लगेच त्या उपायाच्या पाया पडू नका. तो उपाय केला नसता तर काय झालं असतं, एवढं आधी विचारा. मलाही विचारा, राजालाही विचारा. विचारायचं राहिलं, म्हणून तुमच्या मुलाचा हात गेला.”