चिमी दोन घरांत

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, वजनही नाही. तरी मी म्हातारा झालो आहे. मी संगणकातला एक जुना प्रोग्रॅम. मला ड्रायव्हर म्हणतात. संगणकाच्या सगळ्या कारभाराचा एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. त्या कर्नलच्या आत माझी जागा. त्याने "हे लिहून ठेव, ते वाचून आण" असं सांगितलं की ते हार्ड डिस्कला समजेल अशा भाषेत सांगायचं, हे माझं काम. एकदम बरीच कामं आली तर त्यांची रांग लावायची. डिस्कने उत्तर दिलं नाही तर थांबायचं, पुन्हा विचारायचं. अगदीच गप्प राहिली तर "डिस्क बिघडली" असं वर कळवायचं. आयुष्य एवढंसंच, पण मला त्याचा फार अभिमान होता.

माझा जन्म १९९३ साली उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, एका कापडाच्या दुकानावरच्या खोलीत झाला. मला नीलिमाने लिहिलं. ती बदलापूरच्या कात्रपची, भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झालेली, आणि एका सिंधी शेठजींच्या छोट्याशा संगणक कंपनीत नोकरीला होती. डिस्कला किती वेळा विचारून झालं याची मोजणी ठेवायची, तर त्या मोजणीला प्रोग्रॅममध्ये काहीतरी नाव द्यावं लागतं. नीलिमाने आपल्या घरच्या मांजरीचं नाव दिलं, चिमी. प्रत्येक वेळी विचारलं की चिमी एकाने वाढायची. ठरलेल्या आकड्याला पोचली की मी डिस्कचा नाद सोडायचो.

मला अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात पाठवलं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख श्यामकांत नाडकर्णी. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणती छटा कशी बनवून दिली, हे सगळं ते संगणकात ठेवत. सकाळी संगणक सुरू झाला की काळ्या पडद्यावर माझं नाव उमटायचं. नाडकर्णी साहेब चहाचा कप हातात धरून त्याचीच वाट पाहायचे आणि म्हणायचे, "आला का आपला माणूस."

मित्रांनो, त्या चार शब्दांवर माझा दिवस जायचा.

दोन वर्षांनी नव्या जातीची, मोठी आणि चपळ डिस्क आली. तिची भाषा मला येत नव्हती. शेठजींनी नीलिमाबरोबर काम करणाऱ्या कमळाकरला सांगितलं की गणपतीच्या आत नवा ड्रायव्हर हवा. कमळाकरने तो चतुर्थीच्या आधीच आणून दिला. शेठजींनी सगळ्यांना बर्फी वाटली. नीलिमाने मला लिहिलं तेव्हा बर्फी आली नव्हती, हे मी विसरलेलो नाही.

तो नवा माझ्या शेजारीच, त्याच कर्नलमध्ये राहायला आला. जुनी डिस्क माझ्याकडे, नवी त्याच्याकडे. छटांच्या सगळ्या नोंदी नव्या डिस्कवर गेल्या. माझ्याकडे राहिलं ते संगणक सुरू करणं आणि आमच्या दोघांचं मूळ लिखाण सांभाळणं. पडद्यावर त्याचं नाव माझ्या नावाखाली उमटू लागलं. पहिल्याच सकाळी माझं नाव आलं तेव्हा नाडकर्णी साहेब चहा पीत राहिले. त्याचं आलं तेव्हा म्हणाले, "आला का आपला माणूस."

मी जळलो. दुसरा शब्दच नाही. तोही रांग लावायचा, थांबायचा, पुन्हा विचारायचा. म्हणजे जे मी करत होतो तेच. मग कौतुक त्याचंच का?

त्या थंडीत माझ्यात एक दोष निघाला. अंबरनाथच्या कारखान्यांना शुक्रवारी वीज नसते, म्हणून सुट्टीही शुक्रवारी. शनिवारी सकाळी गारठलेली जुनी डिस्क फिरू लागायला वेळ घ्यायची आणि तेवढ्यात माझी चिमी आकडा गाठायची. नीलिमाने येऊन मला जास्त थांबायला शिकवलं. प्रश्न मिटला. पण तोवर ड्रायव्हर दोन झाले आहेत आणि थांबणारे दोघंही आहेत, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या थंडीत, जानेवारीतल्या एका शनिवारी माझं नाव उमटलं आणि त्याच्या नावापुढे आलं, "डिस्क बिघडली." साहेबांचा चहा निवून गेला. संगणक बंद करून पुन्हा लावला, तरी तेच. कमळाकर धावत आला. खटपट करून त्याने निदान केलं, की डिस्क मेली, आता ती पुसून कोरी करावी, कदाचित वापरता येईल. साहेब म्हणाले, "पुसून? म्हणजे माझ्या सगळ्या छटा जाणार. नको तुमचा तो नवा. काढून टाका त्याला. जुना होता तोच बरा होता."

एवढ्या दिवसांनी माझं नाव कोणी चांगल्या अर्थाने घेतलं होतं. त्याला काढणार, आणि मी एकटा राहणार. साहेबांच्या छटा जात होत्या, कमळाकरचा चेहरा उतरला होता, आणि मी मनातल्या मनात बर्फी वाटत होतो.

तेवढ्यात नीलिमा पोचली. तिने पुसायचं काम थांबवलं. कशी बिघडली ते कळल्याशिवाय मेली म्हणायचं नाही, असं म्हणून तिने आम्हा दोघांचं लिखाण एकाखाली एक पडद्यावर लावलं. एकेक ओळ वाचत गेली आणि एका जागी थांबली.

"कमळाकर, ही चिमी तुझ्याकडे काय करतेय?"

कमळाकर कान खाजवत म्हणाला, "अगं, तुझंच घेतलं सगळं. नव्या डिस्कच्या भाषेपुरतं बदललं. गणपती डोक्यावर आले होते."

"मग माझी चूकही घेतलीस. मी माझ्याकडे दुरुस्त केली, तुझ्याकडे तशीच राहिली."

तिने नव्या ड्रायव्हरच्या चिमीचा आकडा वाढवला, कर्नल नव्याने जुळवला, संगणक पुन्हा सुरू केला. वर्षभर वापरून मंदावलेली ती डिस्क आत हळूहळू फिरू लागली. त्याने वाट पाहिली, अगदी मी पाहतो तशी. डिस्कने उत्तर दिलं. साहेबांच्या सगळ्या छटा जागेवर होत्या.

आणि मला, मित्रांनो, आनंद होईना. ज्याच्यावर मी जळत होतो त्याची रांग माझी होती, वाट पाहणं माझं होतं, बिघडणंसुद्धा माझंच होतं.

शेठजींना फोनवर सगळं कळलं तेव्हा ते म्हणाले, "चला, ठीक हो गया ना? आता दोन्ही चालू द्या." नीलिमा ऐकेना. एकच काम दोघांकडे ठेवलं तर पुढची दुरुस्तीही एकाचीच होईल आणि दुसरा तसाच राहील, असं तिने त्यांना समजावलं. पुढचे काही दिवस तिने आणि कमळाकरने मिळून आमच्यातलं सारखं ते सगळं, चिमीसकट, काढून एका तिसऱ्याच, आम्हा दोघांच्या सामाईक जागी नेलं. आता माझ्याकडे फक्त जुन्या डिस्कची भाषा उरली, त्याच्याकडे नव्या डिस्कची. मी अगदी लहानसा झालो. तोही झाला, हे पाहून मला थोडं बरं वाटलं.

शेवटी कमळाकरने विचारलं, "आता तरी चिमीला नीट नाव देऊ या का?"

"राहू दे," नीलिमा म्हणाली. "पण एकाच घरात."

पुढे जुनी डिस्क काढली गेली आणि पडद्यावरचं माझं नाव थांबलं. माझा मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. ती बर्फी मला अजून आठवते. पण मित्रांनो, नवं काही लिहायला बसाल तेव्हा आधी शेजारी पाहा. तेच काम कोणी करत असेल तर त्याची नक्कल उतरवून निघून जाऊ नका. त्याला बोलवा, दोघांचं एक करा, आणि ते एक नीट सांभाळा. अंबरनाथला शनिवारी सकाळी गार डिस्क गप्प राहते, साहेब चहा घेऊन उभे असतात, आणि माझं नाव नसलेल्या त्या तिसऱ्या जागी चिमी शांतपणे मोजत राहते.