ड्वाइटचे कान

मे महिन्याचा दुसरा आठवडा आला की ईरी सरोवराकाठच्या आमच्या उद्यानात पक्ष्यांपेक्षा ते बघायला आलेली माणसं जास्त होतात. बहुतेक सगळी साठीपुढची. गळ्यात मोटारीच्या किमतीच्या दुर्बिणी, अंगात बावीस खिशांची जाकिटं. एकाने मान वर केली की चाळीस माना वर. परवा ही मंडळी अर्धा तास एका वाळक्या पानाकडे बघत होती; तिघांनी तर ते वहीत नोंदवलंसुद्धा.

या मेंढरांचा मेंढपाळ ड्वाइट. वीस वर्षं सकाळची फेरी तोच नेतो. पानांत पक्षी दिसत नाही, तेव्हा म्होरक्याने आवाजावरून नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी मुकाट लिहायचं, ही इथली रीत. पण ड्वाइटचे कान गेलेत. वयाबरोबर बारीक, उंच आवाज आधी जातात. हे मी ओळखून होते, आणि फेरी मला हवी होती. खोटं कशाला बोलू? वीस वर्षं मागून चालून मला त्याच्या टोपीचा वीट आला होता.

शनिवारी फळ्यांच्या वाटेवर सगळं चिडीचूप झालं, तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "ड्वाइट, आत्ता काय गातंय रे?"

त्याने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. "केशरी गळ्याचा वटवट्या. त्या ओकच्या शेंड्याला."

पेन्सिली चालू लागल्या.

"लिहू नका," मी म्हणाले. "काहीही गात नाहीये. याला ऐकूच येत नाही. किती दिवस याच्या थापा उतरवणार आहात?"

पेन्सिली थांबल्या. मला फार बरं वाटलं. मग गेल्याच महिन्यात आलेली ब्रिजेट, दातांची डॉक्टर, चाचरत म्हणाली, "पण लोर्ना, गातोय की तो. कधीचा गातोय. तुमच्या डोक्यावरच तर आहे."

मी दुर्बीण लावली. शेंड्यावर पक्षी होता, गळा निखाऱ्यासारखा. डोकं मागे टाकून तो चोच उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता. मला फक्त सरोवराचं पाणी ऐकू येत होतं.

माणसं पुढे सरकली. ड्वाइट माझ्यापाशी थांबला.

"मला नाहीच येत ऐकू," तो हळू म्हणाला. "चार वर्षं झाली. चोच हलताना दिसली तरच नाव सांगतो. तुझे कान कधी गेले?"

मी दुर्बीण खाली केली. पुढच्या वळणावर सगळे ब्रिजेटभोवती गोळा झाले होते. आम्हा दोघांनाही न विचारता फेरी पुढे निघून गेली.