सहावा लाडू

रविवारी सकाळी साडेनऊ वाजले की असोद्यात पुष्पाबाईंच्या बैठकीत पाय ठेवायला जागा उरत नसे. गल्लीत रंगीत टीव्ही त्यांचाच, आणि ‘तेजपरिवार’ चुकवणं म्हणजे पाप. आई, बाप, तीन मुलगे आणि थोरल्याची नुकतीच आलेली बायको असं ते सहा जणांचं घर. आई ताटात शक्तीचे लाडू मांडायची, जो तो आपापला खायचा, आणि मग सगळे मिळून आभाळात उडून धूम्रसेन नावाच्या दुष्टाची हाडं खिळखिळी करायचे. निंदणीला निघालेल्या बायासुद्धा म्हणायच्या, आधी धूम्रसेन, मग शेत.

पण श्रावणातल्या त्या रविवारी ताटात लाडू पाचच निघाले. सून बिचारी ताटाकडे बघत उभी राहिली, आणि तेवढ्यात भाग संपला.

झालं! बैठकीत असा कालवा उठला की ओसरीवरची शेळी दावं तोडून पळाली.

“धूम्रसेन अदृश्य होऊन आला व्हता,” रतिलाल शिंपी म्हणाला. मालिकेतलं सगळं आपल्यालाच कळतं, असा त्याचा समज होता. “त्यानंच लाडू लांबवला. मी आजच कार्ड टाकतो मुंबईले, पाहा तुम्ही.”

“कायचा धूम्रसेन!” शेजारच्या बेबाबाईंनी त्याला उडवून लावलं. “लाडू म्हंजे त्याईच्या घरचा रोट. रोट घरच्यालेच देतात. सासूनं सुनेले दिला नाही, म्हंजे सून घरची नाही. सरळ हिशोब!”

सगळ्या बायांनी माना डोलावल्या. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसवतात, तिच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदकीबाहेर जात नाहीत, लग्न करून दिलेल्या पोटच्या लेकीलाही त्यातला घास मिळत नाही. ज्याच्या नावाचा रोट, तो घरचा. त्यामुळे मुंबईत बसून हिंदी मालिका लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं ते असोद्याला लख्ख दिसलं.

पुष्पाबाईंनी मात्र उठून टीव्ही बंद केला. कारण बरोबर आदल्या रविवारी त्यांच्या घरी कानबाई बसली होती. रोटाला माणशी सव्वा मूठ गहू. नवरा शालिग्राम, लीलाधर आणि जीवराम हे दोन मुलगे, आणि त्या स्वतः, असं चौघांचं माप त्यांच्या हाताला वर्षानुवर्षं बसलेलं. हातानं चारच मापं काढली. वैशाखात घरात आलेली लीलाधरची बायको प्रमिला राहूनच गेली. वाढायच्या वेळी ते लक्षात आलं, तेव्हा त्यांनी आपल्यातला अर्धा रोट मोडून तिच्या ताटात ठेवला, जणू अशीच रीत आहे. सासूनं सुनेपुढे चूक कबूल करायची, हे त्यांनी स्वतःच्या सासूकडूनही कधी पाहिलं नव्हतं.

आता मात्र त्यांना राहवेना. “लपवला-बिपवला काही नाही,” त्या म्हणाल्या. “इसरली असीन बिचारी. सून नवी. हाताले पाचाचीच सवय.”

बैठक खो खो हसली. “जे डोंगर उचलते, ते लाडू मोजाले इसरते व्हय?” बेबाबाई म्हणाल्या.

प्रमिला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली नाही. “आत्या, विसरतात ते परक्याला,” ती सासूला हळूच म्हणाली. “घरच्याला कोणी विसरत नाही.” आणि आत निघून गेली.

राखीला तिचा भाऊ आला आणि ती त्याच्याबरोबर माहेरी शिंदखेड्याला गेली. चार दिवसांत येते म्हणाली होती. पोळा झाला तरी आली नाही. लीलाधर आणायला गेला तो एकटाच परतला. “येईन म्हणते. कधी ते सांगत नाही,” एवढंच बोलून तो केळीला पाणी धरायला निघून गेला. शालिग्रामभाऊ म्हणाले, “त्या डबड्यानं घर मोडलं. इकून टाका!” पण डबड्यानं काय केलं होतं, ते पुष्पाबाईंना ठाऊक होतं. त्यानं फक्त झाकलेलं उघडं केलं होतं. सून कायमची गेली तर, या विचारानं त्यांना जेवण जाईना. धीट बाई ती, बाजारात केळीच्या व्यापाऱ्याला गप्प करणारी; पण सुनेला ‘माझं चुकलं’ असं चार ओळींचं कार्ड टाकायला हात धजेना.

तिकडे मालिकेत लाडू हरवल्याच्या पुढच्याच रविवारी ताटात निमूट सहा लाडू आले. आधीचा कुठे गेला, त्याचं कोणी नावच काढलं नाही. त्यामुळे तर्कांना आणखी ऊत आला.

आणि एका बुधवारी संध्याकाळी, प्रेक्षकांच्या पत्रांच्या कार्यक्रमात, चक्क असोद्याचं नाव घेतलं गेलं. रतिलालचं कार्ड! तो बैठकीत ताडकन उभाच राहिला. निवेदिका गोड हसून हिंदीत म्हणाली, की लाडवांबद्दल गावोगावहून पत्रं आली आहेत, पण त्यात रहस्य काहीच नाही. मालिकेत सून नवी आली, सामान मांडणाऱ्याच्या हाताला मात्र पहिल्यापासून पाचाचीच सवय. सहावा लाडू ठेवायचा राहून गेला. क्षमा असावी.

रतिलालचा चेहरा पडला. बेबाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तोंडाला पदर लावला. आणि पुष्पाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तेवढ्या मोठ्या मुंबईनं सगळ्या देशासमोर चूक कबूल केली. आपल्याला एका पोरीसमोर जमू नये?

सकाळी त्यांनी सव्वा मूठ गहू फडक्यात बांधले, जळगावला जाऊन पॅसेंजर धरली आणि दुपारी शिंदखेड्याला उतरल्या. प्रमिलाच्या गल्लीच्या तोंडाशीच ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिनं यांना नीट न्याहाळलं.

“प्रमिलानी सासू तुम्हीच शेतस का? लाडूनं कोडं वळखनारी?”

पुष्पाबाई चरकल्या. “तुमाले कोनं सांगतलं?”

“तिनीच! काल बठ्ठी गल्ली टीव्हीसमोर व्हती. पोर उडी मारीसनी वरडनी, मनी सासूनी पहिलेच सांगेल व्हतं!”

‘मनी सासूनी.’ माझ्या सासूनं! पुष्पाबाई तिथेच ओट्यावर टेकल्या. महिनाभर उरावर बसलेला धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

म्हातारीची हाक ऐकून प्रमिला धावत आली. ती पाया पडायला वाकली, तर पुष्पाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले.

“पोरी, त्या टीव्हीतल्या बाईचं जाऊ दे. मी इसरली व्हती. तुह्या नावाची मूठ घ्याची राह्यली, अन् मले सांगाची हिंमत नाही झाली. चुकलं माह्यं.”

प्रमिलाचे डोळे भरून आले. “काल ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आत्या. त्या दिवशी तुम्ही टीव्हीतल्या बाईचं बोलतच नव्हता, स्वतःच्या हाताचं बोलत होता. पिशवी भरून ठेवलीये मी. उद्या निघणारच होते.” मग तिचं लक्ष फडक्याकडे गेलं. “हे काय?”

“तुह्या वाट्याचे गहू. रोटाचे.”

प्रमिलानं फडकं उघडून पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं गाठ पुन्हा घट्ट मारली.

“आत्या, अहो रोटाचं धान्य भाऊबंदकीबाहेर कोणी नेतं का? आणि तुम्ही खुशाल माझ्या माहेरी घेऊन आलात! कोणी पाहिलं तर काय म्हणेल? चला, आजच घरी नेऊन ठेवू.”

ती फणकाऱ्यानं पिशवी आणायला आत गेली. सुनेची बोलणी खाल्लेल्या पुष्पाबाई ओट्यावर बसून डोळे पुसत हसत राहिल्या, आणि म्हातारीनं पुढे केलेल्या शेंगा त्यांनी पोटभर खाल्ल्या.