सहीखालचा नंबर

"ही सही कुणाची?" साहेबांनी लॉगबुक माझ्यापुढे धरलं.

"माझीच. इतकी वाईट सही दुसऱ्या कुणाची आहे इथे?"

साहेब हसले नाहीत. ते आमच्या विमानतळावरचे देखभालप्रमुख. एरवी माझ्या फालतू विनोदांनाही हसतात. मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला आणि मी कपाळाला हात लावला.

सकाळी मी विमानाचं पुढचं चाक बदललं होतं. नट आवळला, हवा तपासली, लॉगबुकात सही केली आणि सहीखाली लायसनचा नंबर टाकला. बावीस वर्षं हेच करतोय, हात आपोआप चालतो. पण महिन्याभरापासून हे विमान आमचं राहिलं नव्हतं. म्हणजे होतं आणि नव्हतंही. परदेशी कंपन्यांशी टक्कर द्यायची म्हणून आमच्या सरकारी विमान कंपनीनं लांबच्या एका बेटावर उपकंपनी काढली. तिथे कर कमी, कायदे सैल आणि माणसं कंत्राटी. मग बापानं लेकीच्या नावावर घर करावं तसं एकेक विमान तिच्या नावावर केलं. सातातली चार गेली, उरलेली तीन रांगेत आहेत. शेपटीवर त्या बेटाच्या नोंदणीची अक्षरं आली. विमान त्या बेटावर कधी उतरलेलं नाही. उतरण्याएवढी धावपट्टीच तिथे नाही म्हणतात. पण आता सही चालते ती त्या बेटाचं लायसन असलेल्याचीच. माझ्या सहीनं हे विमान दुरुस्त होत नाही, उलट बिघडतं.

"एकशे ऐंशी माणसं आत बसलीत," साहेब म्हणाले.

"मग उतरवा त्यांना. चाकाला काही झालेलं नाही, कागदाला झालंय."

"वाद नका घालू हो. आधीच डोक्याला ताप आहे. त्यांची इंजिनियर दुपारच्या विमानानं येतेय. तोवर हे खोडून ठेवा."

खोडण्याचाही आमच्याकडे नियम आहे. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे आणि शेजारी आपली आद्याक्षरं टाकायची. गिरवून काळं केलं की माणूस काहीतरी लपवतोय असं धरतात. मी सहीवर आणि नंबरवर रेघ मारली.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "फॉर्म दिलास का?"

फॉर्म माझ्या खिशात होता, चार घड्या घालून. त्याची आज शेवटची तारीख. भरून दिला तर मूळ कंपनीचा राजीनामा आणि उपकंपनीत कंत्राटी मदतनीस. बेटाची परीक्षा पास होईन तेव्हा पुन्हा इंजिनियर. नाही दिला तर नोकरी पक्की, पण विमानंच उरणार नाहीत म्हणून स्टोअरमध्ये बसून स्क्रू द्यायचे.

"स्टोअरमध्ये काय वाईट आहे?" ती म्हणाली. "खुर्ची आहे, पंखा आहे."

"विमान नाही."

"मग जा मदतनीस म्हणून. घरात तर मदतनीसही नाहीस तू." मग ती म्हणाली, "पण बावीस वर्षं झाली रे. काहीतरी ठरव एकदाचं."

दुपारी इंजिनियर आली. तिशीची असेल. पाठीवर सॅक, डोळ्यांवर झोप.

"काका, चाक उतरवून परत बसवावं लागेल. माझ्यासमोर काम झालं नाही तर मला सही करता येत नाही."

"तेच चाक?"

"तेच."

"तिथेच?"

"काका, मला कळतंय. चार दिवसांत तीन विमानतळ फिरलेय. माझ्यावर नका चिडू."

तिच्यावर चिडून काय उपयोग होता. मी जॅक लावला, सकाळी बसवलेलं चाक उतरवलं आणि पुन्हा चढवलं. ती म्हणाली, नट मी लावते. तिचा नट दोनदा तिरका बसला.

"आधी उलटा फिरवा," मी म्हणालो. "टक् झालं की मग सुलटा. याचे आटे चावट आहेत."

टक् झालं आणि नट सुळकन आत गेला.

"मॅन्युअलमध्ये नाही हे."

"मॅन्युअल लिहिणाऱ्याला कुठे उन्हात चाक बदलायचंय."

ती हसली. मला मात्र वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. वाईट वाटत होतं आणि हात मजेत काम करत होते. हातांना कुठे कळतंय शेपटीवर कुणाची अक्षरं आहेत. स्टोअरमध्ये हे हात काय करतील, एवढंच मग मनात राहिलं.

तिनं लॉगबुकात सही केली, आपला नंबर टाकला आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "तुम्ही खोडलंय? इतकं नीट कुणी खोडत नाही. गिचमिड करून ठेवतात."

साडेपाच तास उशिरा विमान उडालं. मी हात धुऊन साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी काही न विचारता पेन पुढे सरकवलं. मी फॉर्मच्या घड्या उलगडल्या. राजीनाम्याच्या मजकुराखाली सहीची रिकामी जागा होती.

"इथे माझी सही चालते ना नक्की? नाहीतर परत कुणीतरी विमानानं यायचं."

"चालते," साहेब खाली बघत म्हणाले.

मी सही केली. साहेबांनी फॉर्म ओढून घेतला, पाहिला आणि परत माझ्याकडे वळवला. "अहो, हे काय?"

सहीखाली हातानं आपोआप लायसनचा नंबर लिहिला होता.

"इथे नंबर लागत नाही. नुसती सही पुरते." मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "दुसरा फॉर्म देऊ का?"

"नको."

मी पेन घेतलं, नंबरवर एकच आडवी रेघ मारली आणि शेजारी आद्याक्षरं टाकली. रेघेखालचा आकडा न् आकडा वाचता येत होता.