लेथची खांदशेकणी

"हे पाहा भाऊ." निकेशनं शाफ्ट टेबलावर ठेवला, त्याच्यावर बेअरिंग चढवलं आणि बोटानं टिचकी मारली. सैल बांगडी मनगटात फिरावी तसं ते फिरलं. "असं फिराले पाहिजे काय हे? ठोकून बसाले पाहिजे."

मुखरूनं शाफ्ट हातात घेतला. बेअरिंग ढिलं आहे हे कळायला डोळे लागत नाहीत. बोटांनाच कळतं.

"पह्यला गेला तं म्हटलं, होते कधी कधी. हा बी तसाच."

निकेशची धानाची गिरणी कुरखेड्याच्या बाहेर, फाट्याला लागून. कापणी उरकली होती, घराघरांत धानाची पोती येऊन पडली होती आणि गिरणी मात्र मुकी उभी होती. त्यानं दोन शब्द सुनावले असते तरी मुखरूनं ऐकून घेतले असते. पण तो रागावला नाही, आणि तेच मुखरूच्या जिव्हारी लागलं.

"वहिनी गेल्यापासून तुमचं मन थाऱ्यावर नाई भाऊ. कोनाचंच नाई राहत. आज सांजपर्यंत मी थांबतो. नाई जमलं तं वडसाच्या लेथवाल्याकडे नेतो. तुमी वाईट नोका मानू."

तो गेला. मागच्या दारात मुखरूची लेक रुपाली उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आठवड्यापूर्वी ती चंद्रपूरहून बापाला न्यायला म्हणून आली होती, आणि बापाचे कपडे पिशवीत भरून ती पिशवी कालपासून खाटेवर ठेवलेली होती.

"बाबा, आता पुरे करा ना."

"हव."

"हव म्हनता अन् पुन्हा मशीनीपाशी जाता."

"एकडाव पाहू दे वो बाई. मशीन बिघडली असन तं दुरुस्त होते." त्यानं शाफ्ट बाजूला ठेवला. "मीच बिघडलो असन तं येतो तुझ्यासंगं. मंग काऊन राहू इथी?"

गोष्ट एवढीच होती. मुखरूनं सगळी उमर या लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर काढली होती. आजूबाजूच्या गावांतल्या पंपांचे, गिरण्यांचे, ट्रॅक्टरांचे कितीतरी तुकडे त्याच्या हातून उतरले होते. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्याचे डोळे पूर्वीसारखे झाले नाहीत. मशीनच्या चाकावरच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळायच्या, जाडी मोजायचा मायक्रोमीटर तर नुसता हातात धरायचा. तेव्हा बायको, मैना, त्याच्या पाठीच लागली आणि त्यानं लेथला डिजिटल स्केल बसवलं. पट्टी मशीनच्या मागं, समोर लाल आकड्यांची पाटी. हत्यार केसभर सरकलं तरी आकडा बदलायचा. आकडे एवढे ठसठशीत की चुलीपाशी बसलेल्या मैनेलाही वाचता यायचे. ती तिथूनच ओरडायची, "किती झालं वो, सांगू काय?" आणि चूक सांगायची, मुद्दाम.

मैना भाद्रपदात गेली. तेरवी उरकून मुखरू मशीनपाशी उभा राहिला, आणि कामं बिघडायला लागली. एखादा तुकडा नेमका उतरायचा, तर दुसरा पातळ व्हायचा. पाटी सांगायची अजून जरा घे, तो घ्यायचा, आणि काम हातचं जायचं. लोक म्हणाले, मन नाही. हळूहळू त्यालाही तसंच वाटायला लागलं. माणसाला दहाजणांनी येडा म्हटलं की तोही रात्री उठून आपलं डोकं चाचपतो.

त्यानं आधी विजेला दोष दिला. कुरखेड्यात विजेला दोष देणं सोपं असतं. मशीनची अर्थिंगची तार काढून, घासून पुन्हा बसवली. मग उंदरांवर संशय घेतला. स्केलची केबल टोकापासून टोकापर्यंत बोटानं तपासली, कुठे कुरतडलेली नव्हती. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं दुपारपर्यंत चाललं.

"रुपाली, इकडे ये. मले दिसत नाई. तू वाच."

त्यानं मशीनला डायल गेज लावला. घड्याळासारखं गोल तोंड आणि एक बारीक काटा. हत्यार जेवढं सरकेल तेवढाच काटा खरा सरकतो, त्याला ना वीज लागते ना केबल. त्यानं हळूहळू चाक फिरवलं.

"काटा वाच. मंग लाल आकडा वाच."

रुपालीनं वाचलं. दोन्ही सारखे. आणखी थोडं, सारखे. ती कंटाळली होती. काय करून राहिलेत हे, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. मुखरू चाक फिरवत राहिला.

"बाबा. थांबा."

"काय झालं?"

"काटा सरकला. आकडा थांबूनच हाय."

त्यानं चाक मागं घेतलं, पुन्हा पुढं आणलं. पुन्हा त्याच जागी काटा चालत राहिला, आकडा थबकला आणि पुढं गेल्यावर परत चालायला लागला. पुन्हा केलं. तीच जागा.

मुखरूनं मशीनचा आधार घेतला.  इतक्या महिन्यांनी त्याच्या तोंडावर हसू आलं होतं, आणि ते बघून रुपालीला रडूच यायला लागलं.

"मी नाई वो," तो म्हणाला. "मी नाई. मशीन होय!"

त्यानं स्केल खोललं. ॲल्युमिनियमची लांब नळी, आत काचेची पट्टी, तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा. एक सरकता डोळा त्या रेघा मोजतो. नळीला लांब चीर असते आणि चिरेवर रबराचे ओठ. ते ओठ खाली तोंड करून बसवायचे असतात, म्हणजे आत काही पडत नाही. पण मशीनच्या मागं जागा नव्हती, म्हणून मुखरूनं ते वर तोंड करून बसवले होते. कोण मागं जातं हात लावायला, असं त्याला वाटलं होतं.

त्यानं काचेची पट्टी हलकेच बाहेर काढून उजेडात रुपालीपुढं धरली. "काय हाय पाह्य."

"पिवळं पिवळं हाय काई." तिनं वास घेतला. "बाबा, हळद होय ही. तूप बी हाय. इथी कशी आली?"

मुखरू खाली बसला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा दुखतो, म्हणून त्याला हळद-तूप चोळायचं आणि कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मैना शेतकऱ्याची पोर, आणि लग्न करून आली ती बैल नसलेल्या घरात. पहिल्याच पोळ्याला ती तूप-हळदीची वाटी घेऊन लेथपाशी उभी राहिली होती. "याचा खांदा कुठी हाय?" मुखरू हसला होता आणि त्यानं हत्यार धरणारा भाग दाखवला होता. सगळा भार तिथंच येतो. तेव्हापासून ती दरवर्षी तिथं हळद-तूप चोळायची. आवतणही द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी मशीनपुढं पुरणपोळीचं पान मांडायची. येणारेजाणारे हसायचे. तिला कोणाच्या हसण्याचं काही नव्हतं.

यंदा तिनं स्केलकडं बोट दाखवून विचारलं होतं, "अन् हा मागं लपला थो?"

"थो नवा होय."

"मंग गोऱ्हा म्हना! त्याले उपाशी ठेवता काय?" आणि ती वाटी घेऊन मशीनच्या मागं गेली होती. तेव्हाच तिच्या अंगात ताप होता. हात तापलेला होता म्हणून वाटीतलं तूप लवकर पातळ झालं, असं ती म्हणाली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. मेंदूत चढलेला मलेरिया निघाला. तिथून ती परत आली नाही.

"आईचं बोट हाय हे," रुपाली म्हणाली. काचेवर तूप ओघळून वाळलं होतं आणि त्याला हळदीची कड आली होती. बोट कुठे, ओघळ कुठे, हे सांगता आलं नसतं. पण ती म्हणाली, आणि दोघांनाही तसंच दिसलं.

मुखरूनं स्पिरिटची बाटली काढली. कापसाचा बोळा केला. रुपालीनं त्याचा हात धरला.

"नोका पुसू बाबा. राहू द्या. मी निकेशभाऊले सांगतो, वडसाले न्या म्हून. मशीन बंदच करून टाकू. हे असंच ठेवू आपन."

दोन दिवस रुपालीच मशीन बंद करा म्हणत होती. आताही तेच म्हणत होती, पण आता बापाचा हात सोडत नव्हती. मुखरूला वाटलं, हव म्हणावं. पट्टी कापडात गुंडाळावी, पिशवीत कपड्यांमध्ये ठेवावी आणि चंद्रपूरला जावं. कोणी काही म्हणणार नव्हतं. त्याला फार फार वाटलं तसं.

"अवो," तो शेवटी म्हणाला, "तुझ्या मायनं त्याची खांद शेकली थे कायसाठी? त्यानं काम करावं म्हून. गोठ्यात बसवून ठेवाले नाई."

रुपालीनं हात सोडला.

तो एकाच दिशेनं, दम धरून पुसत गेला. स्पिरिटनं हळद आधी उजळ पिवळी झाली, मग पसरली, मग बोळ्यात आली. काच साफ झाली तेव्हा तिच्यात फक्त त्याचं स्वतःचं तोंड दिसत होतं. त्यानं स्केल परत बसवलं, या वेळी रबराचे ओठ खाली करून. त्यासाठी लोखंडाची पट्टी कापावी लागली. मग त्यानं निकेशचा शाफ्ट नव्यानं कातला.

उन्हं उतरली तेव्हा निकेश आला. बेअरिंग हातानं चढलं नाही. लाकडी ठोकळा ठेवून हातोडीनं ठोकावं लागलं, आणि बसलं ते बसलंच. निकेशनं ते पकडून जोर लावला, हसला आणि मग रुपालीच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. शाफ्ट घेऊन गेला.

रुपालीनं खाटेवरची पिशवी उघडली. बापाचे सदरे एकेक करून काढले आणि दोरीवर परत टांगले.  मग तिनं ताट वाढलं आणि तांब्या घेऊन दारात उभी राहिली. मुखरू हात पुढं करून बसला. साबणानं तेल गेलं, काळं गेलं. नखांच्या कडेचं पिवळं राहिलं.

"अजून पानी घालू काय, बाबा? हळद नाई निंगाली."

मुखरूनं हात मागं घेतला.

"राहू दे," तो म्हणाला आणि तसाच ताटावर जाऊन बसला.