पॉलिसी लातुरात आहे

व्यंकटच्या पायाला लागलं ते तुरीच्या ढिगावर. अर्धा जन्म लातूरच्या डाळमिलीत काढलेला माणूस. धान्यावर चप्पल घालून चढायचं नाही, हे त्याच्या अंगात भिनलेलं. आफ्रिकेत, मलावीतल्या मिलीत बाकीचे बूट घालून ढिगावर खुशाल नाचायचे आणि हा आपला कडेला सँडल काढून, धान्याला हात लावून, तो कपाळाला लावून वर चढायचा. तिथं कोण बघतंय? पण सवय ती सवय. कुठलीशी पत्र्याची चीप तळव्यात घुसली आणि शुगरनं बधिर झालेल्या पायाला ते कळलंसुद्धा नाही.

लातुरात त्याच्या बायकोला, तनुजाला, तर फारच उशिरा कळलं. व्हिडिओ कॉलवर तो नुसतं तोंड दाखवायचा, आणि नवऱ्याच्या तोंडावरून पायाचं काय कळणार! शेवटी नरसिंगनं फोन केला. हा उदगीरकडचा, तिथं व्यंकटच्याच खोलीत राहणारा.

"वहिनी, दादा सांगणार न्हाईत म्हणून मी सांगायलोय. अंगठा काळा पडलाय, वास यायलाय. इथं चांगला दवाखाना हाय, पण मालक म्हणतो, आजारपणाचं ज्याचं त्यानं बघावं. नेऊ का?"

"थांबा, विचारून सांगते," तनुजा म्हणाली आणि तिनं वैजनाथला फोन लावला. वैजनाथ म्हणजे व्यंकटचा मुरुडचा चुलतभाऊ, विम्याचा एजंट. सगळ्या भावकीच्या पॉलिसी त्यानंच गळ्यात मारलेल्या. व्यंकट परदेशी गेला तरी तनुजानं हप्ता कधी चुकवला नव्हता. कार्ड तिनं देव्हाऱ्यात ठेवलं होतं आणि सणावाराला त्यालाही हळदकुंकू लागायचं. नवरा जिथं असेल तिथं ते पोचतं, असंच ती धरून चालली होती.

"भारताबाहेर चालत न्हाई, वहिनी," वैजनाथ म्हणाला. "पण घाबरता कशाला? इकडं बोलवून घ्या. लातुरात कॅशलेस हाय, खिशात हात घालायचं काम न्हाई. तिकडं दाखवलं तर घर विकायला लागंल."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं असतं तर निदान त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

त्या रात्री व्यंकटच फोनवर म्हणाला, "दुखत न्हाई गं. पण थंडी वाजून ताप येतो. नुसती पट्टी तरी करून घेऊ का?"

"पट्टीच्या नावाखाली ठेवून घेतील तुम्हाला!" तनुजा तडकली. "आपली हक्काची पॉलिसी हाय ना इथं? मग परक्याची भर कशाला करायची? हळद लावा, कपडा बांधा अन् सुट्टी मिळाली की तडक निघा. तिथं कुणालाच हात लावू देऊ नका."

आयुष्यभर दुसऱ्याला विचारून वागलेली बाई. एकदाच एवढ्या ठामपणे बोलली. व्यंकटनं ऐकलं. फोन ठेवल्यावर तिला हायसंच वाटलं होतं, संसार वाचवल्यासारखं.

सुट्टी मात्र लांबत गेली. बदली माणूस आल्याशिवाय मालक सोडेना. अखेर व्यंकट लातूरला पोचला तेव्हा त्याला गाडीतून दोघांनी उचलून उतरवलं. त्याच्या पायावर जुन्या लुंगीचा कपडा होता आणि कपड्याला पिवळे डाग. हळद त्यानं इमानानं लावली होती.

तसंच दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मालविकांनी पाय बघितला आणि तनुजाला खोलीबाहेर नेलं. "गुडघ्याखालून काढावा लागेल. आजच. विष वर चढतंय."

"पूर्ण पाय?"

"इतके दिवस काय केलंत? पहिल्या आठवड्यात कुणी जखम साफ करून पट्टी बांधली असती तर फार तर अंगठा गेला असता."

त्या रागावल्या नाहीत, पुढच्या पेशंटकडे निघून गेल्या. तनुजा भिंतीला टेकून उभी राहिली. कुणीतरी आपल्या थोबाडीत मारावी, असं तिला फार वाटत होतं.

तेवढ्यात वैजनाथ मोबाईल नाचवत जिना चढून आला. "मंजूर झालं, वहिनी! लगेच! म्हणलं नव्हतं मी?" बाकावरची माणसं वळून बघू लागली. पाय कापायला कंपनीनं एकही शंका काढली नव्हती. त्या फोनचे तुकडे करावेत असं तिच्या मनात आलं, पण तोंडून सवयीनं निघालं, "हाव भावजी, तुमचे लई उपकार."

ऑपरेशननंतर मुरुडची मंडळी भेटायला आली. व्यंकट उशीला टेकून बसला होता, आवाज खोल गेलेला, पण बोलायची हौस तीच. "हिनं अडवलं म्हणून निभावलं. मी तर निघालोच होतो तिकडच्या दवाखान्यात. पाय गेला तर गेला, घर तर राह्यलं." एका म्हातारीनं तनुजाच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. त्या क्षणी जमिनीनं पोटात घ्यावं, एवढंच तनुजाला हवं होतं.

माणसं गेली. खोलीत दोघंच उरल्यावर व्यंकटनं हळूच विचारलं, "खरं सांग. त्या दिवशी डॉक्टरीणबाई तुला बाहेर नेऊन काय म्हणल्या? तिकडंच दाखवलं असतं तर वाचला असता का गं पाय?"

तो टक लावून तिच्याकडं बघत होता. तनुजानं पांघरूण सारखं केलं. एका बाजूला ते सपाट गादीवर पडलं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "म्हणल्या, तसाबी गेलाच असता."

व्यंकटनं मोठा श्वास सोडला आणि तिचा हात धरला. "मग बरंच झालं तुझं ऐकलं."

हे आता तिला जन्मभर ऐकायचं होतं, आणि दर वेळी मान डोलवायची होती.