मी रिकामी झाले तेव्हा

मित्रांनो, मी बाभळीच्या लाकडाची एक जुनी खुर्ची आहे. इंदापूरच्या गेणू सुताराने मला घडवले आणि बारामतीजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापकांसाठी माझी नेमणूक झाली. पुढे लोखंडी खुर्ची आली आणि मी फाटक्या नकाशांसोबत अडगळीत पडले. चारही पाय शाबूत असताना! मला फार राग आला होता, खोटे कशाला बोलू?

१९९९ साली दिल्लीतले सरकार एका मताने पडले आणि गावात जो तो लोकसभेवर बोलू लागला. म्हणून शिक्षिका रेश्माबाईंनी शाळेत मुलांची लोकसभा भरवली. अध्यक्षांसाठी मला धुऊनपुसून बाहेर काढले. माझ्यावर सातवीतली नकोशी बसली. चौथीही मुलगीच झाली म्हणून तिच्या आजोबांनी, आबाजींनी, तिचे हे नाव ठेवले होते.

"बाई, अध्यक्षाला हातोडा पायजे, पिक्चरमधल्या जज्जासारखा," मुले म्हणाली.

बाई हसल्या. "लोकसभेत हातोडा नसतो. अध्यक्ष उभे राहिले, की बाकी सगळ्यांनी गप्प खाली बसायचं. मग तो पंतप्रधान का असेना."

विषय होता कालव्याच्या पाण्याचा. नकोशीचा चुलतभाऊ विजयसिंह सरकारच्या बाजूने बोलत होता. मोनाली कागद घेऊन ताटकळली होती. तिच्या गावाला, कालव्याच्या टोकाला, पाणी पोहोचतच नव्हते आणि तेच तिला सांगायचे होते.

"सदस्य महोदय, तुमची वेळ संपली. बसा," नकोशी म्हणाली. विजयसिंह थांबेना.

तोच बघायला आलेल्या पालकांमधून आबाजी उठले. कालव्यावर पाण्याची पाळी कुणाची, हे तेच ठरवत. "बोल रं तू! तिचं काय ऐकतूस? घरचीच पोरगी हाय ती."

नकोशीने माझे दोन्ही हात घट्ट धरले. घरात आबाजींपुढे तिने कधी ब्र काढला नव्हता. पण आता ती बसूनच राहिली असती, तर मोनालीचे बोलणे कागदातच राहिले असते आणि मीही नुसते लाकूड ठरले असते.

नकोशी उठली. ताठ उभी राहिली.

मुले भराभर खाली बसली. मोनाली बसली, विजयसिंहही बसला. उभे उरले फक्त आजोबा आणि नात.

आबाजींनी इकडेतिकडे पाहिले. मग टोपी सारखी करत ते सतरंजीवर टेकले. "चुकलं, अध्यक्षबाई," ते म्हणाले. "कालव्यावर मी कुणाला पाळी मोडू देत न्हाय, आन् हितं मीच मोडाया लागलो हुतो. बोलू द्या त्या पोरीला."

मोनाली बोलली, आणि सारे ऐकत राहिले.

मित्रांनो, माझ्यावर मोठमोठे साहेब बसून गेले; पण माझा खरा मान त्या दिवशी मी रिकामी असताना झाला. त्याचा अभिमान माझ्यात आजही मावत नाही.

आता माझा एक पाय डुगडुगतो. एखादा खिळा ठोका, मी अजून टिकेन. माझ्यावर बसाल तेव्हा आपल्या माणसाला आवरा आणि मागे राहिलेल्याला बोलू द्या. आणि उठायची वेळ आली, की मला धरून बसू नका.